डॉक्टर इंदूताई आणि मर्दांची ग्रंथी

आमच्या डॉक्टर इंदूताई रोग्यांशी वऱ्हाडीत बोलायच्या आणि साहेबांशी तर मुद्दाम वऱ्हाडीत. पांढरकवड्याच्या दवाखान्यात त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, मी त्यांची नर्स.

कापसाची ती वाईट वर्षं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चौकशी करायला समित्या यायच्या, बाटलीतलं थंड पाणी प्यायच्या, हळहळायच्या आणि जेवायला नागपूर गाठायच्या. एकदा एका साहेबांनी विचारलं, "आत्महत्येनं पुरुषच जास्त जातात. शरीरातच काही दोष असतो का?"

"असू शकते ना. उदासीचा आजार रक्ताच्या नात्यात चालते, मेंदूतली रसायनं बिघडतात. पण 'मर्द रडत नाही' हे कोणत्या ग्रंथीतून पाझरते, तेवढं शोधा साहेब."

"आणि बायका?"

"त्या प्रयत्न जास्त करतात, वाचतातबी जास्त. वाचली की घरचे म्हणतात, नाटक होतं. म्हणजे खरं ठराले मराच लागते!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

त्याच आठवड्यात गजानन त्याच्या बाळंतीण बायकोला घेऊन आला. ती सारखी रडायची, लेकराकडे बघायची नाही. सोबतच्या सासूचं, म्हणजे गजाननच्या आईचं, निदान तयार होतं, "नखरे हायेत."

"हो का? मंग तुम्हीच बसा माह्या खुर्चीवर," इंदूताई म्हणाल्या. बाळंतपणानंतर शरीर बदलतं तसं मनही खचतं, हे त्यांनी समजावलं, औषध लिहिलं. मग त्या गजाननकडे वळल्या.

"तू कायले एवढा वाळला?"

"मले काय धाड भरली?"

सासूच बोलून गेली, "याचा बाप अन् मोठा भाऊ जीव देऊनच गेले. घराण्याले शाप हाय."

"शाप नाही आजी, आजार. साखरेच्या बिमारीची गोळी खाता तवा शाप म्हणता का?"

गजानन एकदम हुंदके देऊन रडायला लागला. सासू ओरडली, "बाईसारखा रडते!"

"रडू द्या. बाईसारखा जगलबी."

दोघांचे उपचार सुरू झाले, दोघंही सावरले. इंदूताईंना मात्र बक्षीस मिळालं. 'शेतकऱ्यांच्या प्रश्नाला वेड ठरवतात' अशी तक्रार गेली आणि त्यांची बदली झाली. त्यांची खुर्ची कितीतरी महिने रिकामी. प्रश्न सुटला असावा.

एका सकाळी गजानन वाळून गेलेल्या चुलतभावाला दंडाला धरून घेऊन आला. मी यवतमाळच्या डॉक्टरांना फोन लावत होते, तेव्हा तो भावाला खुर्चीवर बसवत म्हणाला, "घरचे म्हणे देवाले नेऊ. म्हटलं देव कुठी पळून नाही जात, पहिले इथं चाल."