लोणखेड्याची पाटलीण

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. शहाद्याच्या बाजारात अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. ते माल घेऊन गावोगाव फिरत आणि दुकानात मी बायकांना बांगड्या भरत असे. दर बाजाराला लोणखेड्याहून बैलांच्या दमणीत बसून एक पाटलीण येई. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या मनगटातल्या सोन्याच्या पाटल्या पाहिल्या की माझा जीव जळे. माझ्या बोटांवर नुसते काचेचे ओरखडे.

बांगड्यांशेजारी विकायच्या बटणांचा डबा असे. एकदा तिनं त्यातलं पितळेचं एक बटण पदराखाली सरकवलं. मला आनंदच झाला. चार बायकांसमोर हिला उघडं पाडायचं, म्हणून मी तिचं मनगट घट्ट धरलं.

तिनं हात ओढला नाही. हळूच म्हणाली, "माले काय कमी शे वं? पन हात मन्हं ऐकत नही."

"मंग लेतस कसाले?"

"उचलं नही तं जीव घाबरस. उचलं का लाज वाटस. घर पेटीभर बटनं पडेल शेतस, एक बी कामनं नही."

मी ओरडले नाही. बटण काढून परत डब्यात टाकलं.

पुढच्या बाजाराला ती आली आणि तिनं दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले. "मी उठस तवलगून हात सोडू नको."

बांगड्या भरून झाल्या, तिच्या सोबतिणींची खरेदी चालूच होती. पाटल्या माझ्या बोटांना टोचत होत्या. हेवा तसाच होता, पण हात मी सोडले नाहीत.