मेथी माझी, कौतुक भांड्याचं

खोटं कशाला बोलू, मी जळते. लहानपणापासून जळते. बहिणीला नवी रिबीन आणली की माझ्या पोटात दुखायचं. शेजारच्या भागीबाईच्या म्हशीनं लिटरभर दूध जास्त दिलं तरी मला घास गोड लागत नसे. आमचे मालक, वाळू त्यांचं नाव, ते म्हणायचे, "सरू, तू नुसती चुलीपुढं बस, लाकूड लागायचं नाय." बोलायला काय जातंय! पण सत्त्याण्णव साली माझ्या धाकट्या जावेनं, साधनानं, ती भांडी घेतली तेव्हा मी जशी जळाले, तशी आधी कधी जळाले नव्हते आणि नंतरही नाय.

आम्ही नाशिकजवळच्या आडगावचे माळी. चार एकर रान, विहिरीचं पाणी, बारमाही मेथी-कोथिंबीर आणि दसऱ्याला झेंडू. धाकटा दीर भारत अंबडच्या कंपनीत लागला आणि बायकोला घेऊन सिडकोत फ्लॅटवर राहायला गेला. साधना बारावी शिकलेली, नाशिकरोडची, बोलायला साखर. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, कुसाबाई, त्या माझ्याजवळ. दुखणं-खुपणं मी काढायचं, पाय मी चेपायचे, आणि रविवार उजाडला की बाई नवं लुगडं नेसून सिडकोला. आल्या की सुरू, "साधनानं आज भाजी काय केली होती गं! लोण्यासारखी." मी आपली भांडी जोरात आपटायची. कढईचा काय दोष, पण आपटायला तीच हाताशी असायची.

त्या वर्षी श्रावणात साधनाचा निरोप आला. "ताई, रविवारी आत्याबाईंबरोबर तुम्हीपण या. घरी भांड्यांचा डेमो आहे. आणि येताना तेवढी मेथी आणाल का, पाच-सहा जुड्या?" मेथी बरी आठवली! पण डेमो म्हणजे काय ते बघायचं होतं, म्हणून पहाटे रानात जाऊन दवात भिजलेली मेथी उपटली, जुड्या बांधल्या, पिशवी घेतली आणि नाशकात द्वारकेच्या चौकात बस बदलून आम्ही दोघी सिडकोला पोचलो.

बघते तर बिल्डिंगमधल्या दहा बायका सतरंजीवर बसलेल्या आणि ओट्यापाशी टाय लावलेला एक माणूस. टाय लावून स्वयंपाक! त्यानं खोक्यातून एकेक भांडं काढलं. जाड बुडाची, आरशासारखी लखलखीत, काळ्या मुठीची. "पाणी नाही, तेल नाही, मंद आच," म्हणाला, आणि माझी मेथी धुऊन, चिरून त्या मोठ्या भांड्यात घातली, झाकण लावलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर भाजी हिरवीगार. बायकांनी चमचा चमचा चाखली.

"अय्या, काय चव आहे!"

"भांड्याची कमाल आहे हो सगळी."

अगं बयांनो, भांड्याची कसली कमाल? माझ्या नखांत अजून माती होती त्या मेथीची. कुणी विचारलं का, मेथी कुठली म्हणून? एका शब्दानं नाय. मेथी माझी आणि कौतुक भांड्याचं! किंमत सांगितली साडेआठ हजार, तेव्हा मात्र एकेक जण उठायला लागली. साधना तेवढी त्या भांड्यावरून हात फिरवत बसली होती. आत्याबाई तिच्याकडं बघत होत्या. मी त्या दोघींकडं बघत होते.

परत येताना बसमध्ये आत्याबाईंनी मला विचारलं, "सरू, तुला आवडली का गं ती भांडी? तुला पायजेत का?"

देवाशपथ सांगते, फार आवडली होती. पण साधनाच्या घरी बघितलेलं मला आवडलं, हे मी कबूल करू? जीभ झडली असती माझी. मी म्हटलं, "मला काय करायचंय? माझ्या कढईला काय धाड भरलीय?"

"बरं," म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

दिवाळीला सिडकोला गेलो तर सगळा सेट साधनाच्या फळीवर. एकावर एक, दिव्यासारखा. मी म्हटलं, भारतचा बोनस दिसतोय. त्या पाडव्याचं श्रीखंड मला कडू लागलं. त्याच सुमाराला आत्याबाईंच्या उजव्या हातातली पाटली दिसेनाशी झाली. मामंजींनी केलेल्या दोन पाटल्या, दोन हातांत दोन. मी विचारलं तर म्हणाल्या, "हात सुजलाय, काढून ठेवलीय." मी हो म्हटलं. माझं ध्यान भांड्यांवर होतं, हातांवर कशाला जातंय!

मग दोन वर्षं माझ्या डोक्यात एकच भुंगा. घ्यावी का न घ्यावी? साडेआठ हजारांची भांडी काय सोन्याचा भात शिजवतात का? भागीबाई म्हणाली, "येडी का खुळी तू, कुकरात शिजत नाय का?" मालक म्हणाले, "तेवढ्यात फवारणीचा पंप येतो." यांना सगळ्या जगाचं मोजमाप फवारणीच्या पंपात. दिवसा मी सगळ्यांना सांगायची, "असली थेरं आपल्याला नकोत." आणि भाकरी थापताना ते काळ्या मुठीचं झाकण डोळ्यांपुढं. बरं, आत्याबाईंचं रविवारचं जाणं आता बुधवारीपण सुरू झालं होतं. एकदा म्हणाल्या, "थोडे दिवस तिकडंच राहावं म्हणते." इतकी वर्षं मी केलं आणि म्हातारी एका भांड्यापायी चालली! तेव्हा मी ठरवलं, काय व्हायचं ते होवो, भांडी घ्यायची.

पैसे होते. आमच्यात बांधावरचा झेंडू बाईचा असतो. वाफ्यातला मालकांचा, बांधावरचा माझा, त्यात कुणी बोलायचं नाय. नव्व्याण्णवच्या दसऱ्याला फुलांना कधी नव्हे तो भाव आला आणि आधीचं साठवलेलंही होतं. पण घेण्याआधी पारख करावी म्हटलं. साधनाला म्हणाले, "ते मोठं भांडं आठ दिवस दे गं. बघू तरी, एवढं काय त्यात." ती जरा घुटमळली. भारतकडं बघितलं. मग म्हणाली, "न्या ना ताई."

एकाच जुडीची मेथी निम्मी कढईत केली, निम्मी त्या भांड्यात. दोन्ही पानात वाढल्या, कुठली कशातली ते सांगितलं नाय. मालक म्हणाले, "दोन्ही मेथीच हाय." या माणसाला विचारून काय फायदा! आत्याबाईंनी मात्र एक बाजूला सारली आणि दुसरी संपवली. "ही मला चावता येती," म्हणाल्या. त्यांच्या दाढा गेल्या होत्या, माझी कढईतली भाजी त्यांना चावता येत नव्हती. ती लोण्यासारखी भाजी म्हणजे एवढंच होतं तर! एवढी वर्षं पानात वाढते, मला कसं कळलं नाय कोण जाणे.

जेवणं झाल्यावर भांडं घासायला घेतलं. पालथं केलं तर बुडावर बारीक अक्षरं. भांड्यावर नाव घालतातच आपल्यात, त्यात नवल नव्हतं. मी चौथी शिकलेय, बोट ठेवून वाचलं. "सौ. साधना हिस सासूबाई कुसाबाई यांजकडून."

दोनदा वाचलं. हातातला काथ्या तसाच राहिला. तशीच ओल्या हातांनी आत गेले आणि भांडं आत्याबाईंपुढं आपटलं.

"पाटली कुठं हाय तुमची?"

त्या भांड्याकडं बघून समजल्या. "मोडली," म्हणाल्या. "निम्मे पैसे माझे, निम्मे भारतचे."

"आणि मी? मी काय पाप केलंय? पाय मी चेपायचे आणि पाटली तिला?"

"वरडू नको. आधी तुलाच विचारलं व्हतं. बसमधी. तू म्हणालीस, माझ्या कढईला काय धाड भरलीय. तिला विचारलं तर ती 'हो' म्हणाली, रडली, पाया पडली. तू कधी काय मागितलंस का माझ्याकडं? मागायला तुझं तोंड दुखतं."

खरं होतं.

आत्याबाईंनी डावा हात पुढं केला. त्यातली पाटली फिरवून म्हणाल्या, "ही दुसरी हाय. ही तुझीच हाय. मोड आणि घे तुझी भांडी. घेती का?"

घे म्हण, सरू! अगं, घे म्हण! आतून सगळं ओरडत होतं. आणि तोंडातून काय निघालं? "मला नको. माझ्या कढईला काय धाड भरलीय?"

साधनाचं भांडं परत दिलं. रिकामं कसं देणार, म्हणून त्यात मेथीच्या दोन जुड्या घातल्या, आणि त्या देतानाही जीव जळला. त्याच आठवड्यात त्या टायवाल्याला गाठलं आणि बांधावरच्या झेंडूचे साडेआठ हजार मोजून सेट घेतला. मोठं भांडं घेऊन भांडीबाजारात गेले. नाव घालणाऱ्यानं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "काय घालू? कुणाकडून कुणाला?"

स्वतःच घेतलेल्या भांड्याला कुणाकडून असतं का? नुसतं माझं नाव घाल म्हणायला आले होते. पण तोंड उघडलं आणि निघालं, "सौ. सरूबाई हिस सासूबाई कुसाबाई यांजकडून." त्यानं घातलं. बाहेर आल्यावर माझं मलाच कळेना, हे काय करून बसले. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. घरी अक्षरांवरून बोट फिरवून त्यांनी विचारलं, "काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "काय नाय. माझं नाव."

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी भारत आणि साधना आडगावला आले. मी मुद्दाम सगळा सेट बाहेर काढला होता. बघ म्हटलं बाई, पोटभर बघ! मेथी मऊ शिजवली होती, आत्याबाई जेवायला बसल्या होत्या. साधना मदतीला उठली, मोठ्या भांड्यातली भाजी काढून घेतली आणि भांडं मोरीकडं नेता नेता पालथं केलं. मी वाढता वाढता थांबले. तिनं मोठ्यानं वाचलं. अक्षर न् अक्षर.

आता म्हातारी म्हणणार, मी कधी दिलं? आणि मी आडगावात तोंड दाखवायची नाय.

साधनाचा चेहरा उतरला होता. "आत्याबाई, ताईंना सगळा सेट तुम्ही दिलात? मला निम्मेच पैसे दिले होते ना?" ती जळत होती! माझ्यासारखीच! पण मला त्याचं सुख घेता येईना.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. घास चावून गिळला. "दिला," म्हणाल्या. "का? थोरली सून हाय माझी. तुला विचारून देऊ का?" आणि बोलता बोलता पाटलीचा डावा हात पदराखाली घेतला.

साधना संध्याकाळपर्यंत होती. तोवर आत्याबाईंनी डावा हात पदराबाहेर काढला नाय. पान एका हातानं लावलं, चहा एका हातानं प्याल्या, निघताना भारतच्या डोक्यावर हात ठेवला तोपण उजवाच. रिक्षा वळल्यावर ओसरीवर बसल्या आणि हात बाहेर काढून माझ्यापुढं धरला.

"आता तरी काढून घे की बाई," म्हणाल्या, "अजून किती दिवस लपवू?"

पाटली घट्ट बसली होती. मोरीतून साबण आणला.