केसांचं पोतं

गोवा घटक राज्य झालं, त्या सुमारास मी डिचोलीला मास्तर होतो. रविवारी सलूनमध्ये गेलो की इब्रामपूरचा एक म्हातारा कोपऱ्यात बसलेला दिसे. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता, पण जमिनीवर पडलेले सगळ्यांचे केस तो पोत्यात भरायचा. एकदा न राहवून विचारलं, "बाबा, हे कशाला?"

"रानडुकरांक. मळ्याच्या कडेन पसरतंय. माणसाचो वास इलो काय डुकर रताळ्यांक तोंड लावणा नाय. गेल्या वर्षी एक वेल ठेवल्यानी नाय."

खाणीवरच्या ट्रकवाल्यांचे लाल धुळीने माखलेले केस तो मुठीमुठीने भरत होता. माझे मात्र त्याने नाकाशी नेले आणि बाजूला टाकले.

"मास्तर, तुमचे नको. साबणाचो वास येता. डुकर हसतले."

सगळं सलून हसलं. ते माझ्या मनाला चांगलंच लागलं.

पुढच्या वेळी चार दिवस डोक्याला पाणी न लावता गेलो. त्याने माझे केस हुंगले आणि पोत्यात टाकले.

त्याची रताळी वाचली का, हे विचारायचं राहूनच गेलं. पण वाचली असतील, तर त्यात माझाही चिमूटभर वाटा आहे, आणि तो मी सोडणार नाही.