लॅबवाल्यांनी पंप बदलला

शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना लॅबवालेच म्हणत. घरातल्या प्रत्येक बरणीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी असे. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ लिहिलेलं पाहून वरच्या मजल्यावरचा पेंटर म्हणाला होता, “काकूंच्या पाठीवरही लावा एखादी. गर्दीत हरवायच्या नाहीत.”

“लावली तर तुमच्या तोंडावर लावतील,” लॅबवाल्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या होत्या.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं चौतिशी ओलांडली होती, तरी घरात तिचं नाव छोटीच. अकराव्या वर्षी आजारपणात तिचे पाय गेले, तेव्हापासून चाकांची खुर्ची. अर्ज लिहून लिहून बोटं झिजली, तेव्हा कुठं दीड महिन्यापूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत टेलिफोनवर बसायची नोकरी मिळाली, तीही तीन महिने कच्ची. तेवढ्यात घरची गाडी तापून वाटेत उभी राहिली आणि दोनदा दांडी पडली. साहेब गोड आवाजात म्हणाले, “तुमची अडचण कळते हो मला. पण तिसऱ्यांदा असं झालं तर माझा नाइलाज होईल.”

बसच्या पायऱ्या तिला चढता येत नव्हत्या आणि खुर्ची दिसली की टॅक्सीवाले मान फिरवत. काय तो आधार त्या वीस वर्षांच्या गाडीचाच.

शुक्रवारी संध्याकाळी गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसलं. गॅरेजवाला वाकून बघून म्हणाला, “पाण्याचा पंप गेलाय. पण माझ्याकडे दहा दिवसांची रांग आहे, आणि रविवारी मी गॅरेज उघडत नाही.”

“सोमवारी नऊला मुलीला पोचवायचंय. मीच बदलतो.”

“बदला की. पंप काही अवघड नाही, पण त्यासाठी टायमिंगचा पट्टा उतरवावा लागतो. पट्टा काढल्यावर दातेरी चाकं जागची हलवू नका. हलली आणि तशीच बसवली, तर झडपा पिस्टनवर आपटतील. मग इंजिन भंगारात.”

शनिवारी सकाळी साडेसातला लॅबवाले मागच्या शेडमध्ये कामाला लागले. जुनं पाणी परातीत काढलं. काढलेला प्रत्येक बोल्ट वेगळ्या कपात ठेवला आणि कपांना आकडे दिले. पट्टा सैल करण्याआधी त्यांनी दोन्ही चाकांवर आणि त्यांच्यासमोर इंजिनावर पांढऱ्या खडूनं बारीक रेघा ओढल्या. वरचं चाक मागे कधीतरी बदललेलं होतं, त्यावर कंपनीची खूण नव्हतीच.

पेंटर जिन्यावर चहा पीत उभा होता. “खडूनं काय खुणा करताय? वर या, बोटभर रंग देतो.”

“चौतीस वर्षं खडूनंच केल्यात. उद्या दुपारपर्यंत तर टिकायच्यात.”

जुना पंप निघायला संध्याकाळ झाली. रविवारी नवा पंप लावताना त्याच्याखालचं कागदी पॅकिंग फाटलं, आणि लॅबवाले सायकल काढून स्पेअर पार्टच्या दुकानाकडे गेले. दुकान बाराला बंद होई.

परत आले तेव्हा काकू शेडमधून बाहेर येत होत्या. हातात रॉकेलचा वास मारणारं फडकं होतं आणि चेहरा कामाच्या समाधानानं खुलला होता. लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत त्या बाईनं घरात एक डाग राहू दिला नव्हता.

“किती काळं केलंय ते सगळं. तुम्हाला काही दिसत तरी होतं का त्यात? घासून घासून काढलं बघा. वरचं चाक फिरतं, हे बरंय. सगळ्या बाजूंनी पुसता आलं.”

लॅबवाल्यांनी आत पाहिलं. चाकं आरशासारखी चमकत होती. एकही रेघ नव्हती.

चाकं कुठं होती, हे सांगणारं आता काहीच उरलं नव्हतं. पण त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती शाबासकीची वाट पाहत होती.

“छान केलंस,” ते म्हणाले. “आता जरा पड.”

गॅरेजवाल्याला फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला. मग त्यांनी आठवणीवर भिस्त ठेवून वरचं चाक बसवलं आणि पाना लावून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. अर्ध्या फेऱ्यात ते कशाला तरी अडकलं. एक दात मागे घेतलं, तरी अडकलं. दोन दात पुढे नेलं, तेव्हा पूर्ण दोन फेरे फिरलं. त्यांना हायसं वाटलं. हे बरोबर आहे असं त्यांनी मनाला सांगितलं, पण मन काही हो म्हणेना.

इंजिन गार ठेवणारं कूलंट त्यांनी शाळेतून निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या काचेच्या मोजपात्रानं मोजलं. निम्मं ते, निम्मं शुद्ध पाणी, थेंबाचाही फरक नाही. साडेचारला इंजिन सुरू केलं. ते थोडं अडखळलं, पण चाललं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, त्यांनी आणखी ओतलं. छोटीनं खिडकीतून विचारलं, “झालं, बाबा?”

“हवा निघतेय. दहा मिनिटं.”

सातव्या मिनिटाला इंजिनातून ताट आपटल्यासारखा आवाज आला आणि ते थांबलं. पुन्हा किल्ली फिरवली, तर नुसती गरगर.

“काय झालं हो?” काकूंनी धावत येऊन विचारलं.

“पंपच खराब निघाला,” लॅबवाले म्हणाले.

काकू चहा करायला आत गेल्या, तेव्हा छोटी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, आई पुसत होती ते मी पाहिलं. त्या खुणा होत्या हे मला माहीत असतं तर...”

“आईला बोलू नकोस. तिनं मायेनं केलं.”

“तेच ना. कुणावर रागवायचीही सोय नाही.”

सोमवारी साडेसातपासून लॅबवाले चौकात टॅक्सी शोधत होते. पहिल्यानं चाकांची खुर्ची ऐकून काच वर केली. दुसरा म्हणाला, “सीट फाटते.” तिसरा थांबलाच नाही. सव्वाआठला फोन वाजला.

“बाबा, घरी या. साहेबांशी बोलले मी. त्यांनी दुसऱ्या बाईंना बोलावलंय.”

“अगं, अजून पाऊण तास आहे.”

“आज जमलं तरी उद्याचं काय? उद्या परत तिथंच उभे राहाल. या.”

फोन खिशात टाकतात तोच एक टॅक्सी स्वतःहून थांबली. “कुठं जायचंय, आजोबा?”

“मागे खुर्ची ठेवावी लागेल. रोज याल?”

“आज सोडतो. रोजचं काय सांगू?”

लॅबवाल्यांनी मान हलवली आणि ते घरी चालत आले.

दारात काकू चपला घालून उभ्या होत्या. हातातल्या पिशवीत नव्या पंपाचा रिकामा खोका होता.

“चला. दुकान नऊला उघडतं. असा पंप विकतोच कसा तो, बघते मी.”

“आई, राहू दे गं,” आतून छोटी म्हणाली.

“तू गप्प बैस. तुझी नोकरी गेली त्याच्यापायी. हे भिडस्त, हे काही बोलायचे नाहीत.”

लॅबवाल्यांनी छोटीकडे पाहिलं. तिनं खुर्ची भिंतीकडे वळवली. दुकानदार गरीब माणूस होता, रविवारी त्यांच्यासाठी त्यानं बंद करता करता शटर पुन्हा वर केलं होतं.

“चला ना,” काकू म्हणाल्या.

लॅबवाल्यांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि ते दुकानाच्या दिशेनं चालू लागले.