पडद्यामागून दिसलेला गेणू

गेणू गेला तेव्हा त्याचा एकही फोटो नव्हता. मागे राहिलं ते एवढंच: एक घोंगडी, एक विळा आणि बायको बायडाबाई, जी नवऱ्याला चारचौघांतही नावानेच बोलवायची. विळा उलट्या धारेचा. टाकव्याच्या नथू लोहाराच्या भात्यासमोर दिवसभर बसून गेणूने तो करून घेतला होता, कारण गेणू डावखुरा होता आणि बाजारातले सगळे विळे उजव्या हाताचे. गेणूमागे तो वाडीत कुणाच्याच हाताला बसला नाही. बायडाबाईने तो कुडात खोचून ठेवला आणि कुणालाही मोडीत घालू दिला नाही.

डावखुरेपणावरून त्या माणसाने जन्मभर बोलणी खाल्ली. लहानपणी बापाने डावा हात पाठीमागे बांधून ठेवला, तर हा तोंडाने जेवला, पण उजवा हात ताटाला लावला नाही. देवळात अंगाऱ्याला डावा हात पुढे करायचा. पुजारी द्यायचा नाही, हा हात मागे घ्यायचा नाही, आणि मागची रांग खोळंबायची. एका लग्नात तो डाव्या हाताने जेवतो म्हणून त्याला पंगतीतून उठवून गोठ्याजवळ एकटा बसवला. तिथे बसून तो इतर कुणाहीपेक्षा दोन वाढण्या जास्त जेवला आणि वाढणाऱ्याला म्हणाला, "हितं वारं लय ग्वाड हाय." अशा माणसाला सुधारणार कोण?

त्याच्या या ताठपणामागे एक आधार होता, आणि तो आम्हा शहाण्यांना फार उशिरा कळला. वडगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पुढून बघायचं तिकीट महाग, पडद्यामागून बघायचं स्वस्त. वाडीची माणसं जन्मभर पडद्यामागेच बसली. मागून चित्र उलटं दिसतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. अक्षरओळख असती तर पडद्यावरच्या नावांची उलटी अक्षरं बघून शंका तरी आली असती. तीही नव्हती. त्यामुळे गेणूने जे राजे, सरदार आणि शूर वीर पाहिले ते सगळे डाव्या हाताने लढत होते आणि डाव्याच हाताने जेवत होते.

मी तेव्हा लोणावळ्याला स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून होतो. संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरले की विंगेतून कुजबुजायचं, आणि नाटक पडलं की शिव्या खायच्या. सदुसष्टच्या हिवाळ्यात मंडळाने मोठा घाट घातला. आमच्या वडिलांच्या पिढीने पारायणं केलेली एक जाडजूड जुनी ऐतिहासिक कादंबरी, तिचं पाच तासांचं नाटक करायचं. एका बंगल्यामागच्या मैदानात किल्ला उभा करायचा, वीस मावळे तलवारी उपसून तटावर चढवायचे. पैसा रावसाहेबांचा. मुंबईचे मोठे वकील, तो बंगलाही त्यांचाच, आणि हातात स्प्रिंगवर चालणारा छोटा सिनेकॅमेरा. चित्रीकरणाला ऊन हवं म्हणून प्रयोगसुद्धा दुपारी ठेवला. नाटक कॅमेऱ्यासाठी होतं की कॅमेरा नाटकासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही.

किल्ल्याचे बांबू वाडीतल्या माणसांनी वाहून आणले. त्यांत गेणू होता. प्रयोगाच्या आदल्या दिवशी विसावा मावळा तापाने आडवा झाला आणि दिग्दर्शकांनी समोर उभ्या असलेल्या गेणूला पागोटं चढवलं. दिग्दर्शक पुण्याचे. रांगेत एकोणीस उजवे हात वर गेले आणि टोकाला एक डावा.

"अहो, उजव्या हातात धरा!"

"न्हाई जमायचं."

"मावळे असे लढत नसतात."

"मंग कसं लढत्यात?" गेणूने शांतपणे विचारलं. "सिनेमातलं राजं समदं ह्याच हातानं लढत्यात. तुमी कदी बघितलं न्हाई का?"

आम्ही सगळे खो खो हसलो. मीही हसलो, हे कबूल करतो. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला आणि गेणूला अगदी कडेला उभा केला. पण प्रयोगात तटावर चढताना बाकीचे कचरले आणि गेणू, जन्मभर कडे चढलेला, सगळ्यांच्या आधी वर पोहोचला. डाव्या हातात तलवार उंच धरून तो तिथे उभा राहिला. रावसाहेबांनी कॅमेरा त्याच्यावर धरला होता.

पुढच्याच पावसाळ्यात कड्यावरचं गवत काढताना गेणूचा पाय घसरला. त्याच कड्यावर तो वीस वर्षं चढत होता.

रिळं धुऊन यायला, मग जोडायला, मग रावसाहेबांना सवड मिळायला दोन वर्षं गेली. एकोणसत्तरच्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी बंगल्याच्या हॉलमध्ये खेळ ठरला. बंगल्याची देखरेख टाकव्याचा अंबाजी करायचा. त्याच्याकडून वाडीला निरोप गेला, आणि बायडाबाई आठ-दहा माणसं घेऊन डोंगर उतरून आली. नवं लुगडं नव्हतं, होतं ते धुऊन नेसली होती. दारातच तिने मला गाठलं.

"भाऊ, गेणू दिसंल न्हवं?"

"दिसेल. तटावर पहिला तोच आहे."

"मला त्येचं त्वांड आटवंना झालंय," ती म्हणाली. "डोळं मिटलं की आवाज येतो, त्वांड येत न्हाई. म्हून आलीया."

हॉलच्या खिडक्यांना आणि पडवीच्या उघड्या बाजूला घोंगड्या लावून अंधार केला होता. हॉल आणि मागची पडवी यांच्यामधल्या मोठ्या दारात पांढरी चादर ताणली होती. हॉलमध्ये खुर्च्यांवर मुंबई-पुण्याचे पाहुणे. अंबाजीने वाडीच्या माणसांना चादरीच्या पलीकडे, पडवीत बसवलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि वाडीलाही नाही. तंबूतली त्यांची जागा तीच होती. मलाही काही वाटलं नाही, आणि याचा मला आज राग येतो.

फिल्म मुकी. म्हणून मी चादरीच्या कडेला, दाराच्या चौकटीत उभा राहून बॅटरीच्या उजेडात संवाद वाचत होतो. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. इकडे खुर्च्या, तिकडे जमिनीवर मांडी घातलेली वाडी.

पाच तासांचं नाटक चाळीस मिनिटांत आलं होतं, त्यातही वीस मिनिटं रावसाहेबांचे नातेवाईक दरबारात बसलेले. मग एकदाचा किल्ला आला. मावळे धावले. गेणू सरसर वर चढला आणि तलवार उंच केली.

"थांबवा!"

पडवीत बायडाबाई उभी राहिली होती. "ह्यो गेणू न्हवं! त्येच्या उजव्या हातात तलवार कुनी दिली?"

हॉलमध्ये हशा पिकला. अंबाजी दबक्या आवाजात खेकसला, "बस खाली, मावशी. समदी बघत्यात."

"बघू दे! बापानं हात बांदला तरी ऐकला न्हाई त्यो. पंगतीतनं उटवला तरी ऐकला न्हाई. आन् मेल्यावर तुमी त्येला सरळ केला? कुनी केला, त्येला बोलवा म्होरं!"

मी आधी तिच्याकडे बघितलं, मग मान वळवून हॉलकडून चादरीकडे. इकडून गेणू डावखुरा होता. पुन्हा पडवीकडून बघितलं. तिकडून एकोणीस मावळे डावखुरे आणि एकटा गेणू उजवा. ते एकोणीस डावखुरे बघून बायडाबाईला काहीच वाटलं नव्हतं. चित्रातली माणसं तशीच असतात, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. तेवढ्यात मला दिग्दर्शकांना गेणूने विचारलेला तो प्रश्न आठवला, ज्याला आम्ही खो खो हसलो होतो.

"बायडाबाई," मी म्हणालो, "त्याला कुणी बदललेला नाही. तुम्ही मागून बघताय, मागून चित्र उलटं दिसतं. इकडून तो डावराच आहे."

अंबाजीला वाटलं, मिटलं. "कळलं न्हवं आता? बस मंग गुमान."

"कळून काय करू? मी बघाया आलीया."

तिने चादरीचं खालचं टोक वर केलं आणि वाकून हॉलमध्ये आली. क्षणभर तिची सावली अख्ख्या किल्ल्यावर पडली. खुर्च्यांपुढे गालिचा होता. ती गालिच्याच्या मधोमध बसली.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर सावरला आणि रावसाहेबांच्या पत्नीला, बाईसाहेबांना, ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "गालिचा आहे हो, पाय बघा तिचे."

बायडाबाईने मागे वळून बघितलं. "पाय धुऊन आलीया. तुमच्या किल्ल्याचं बांबू ह्याच पायांनी हितं आलं, तवा कुनी न्हाई बघितलं त्ये."

रावसाहेब मशीनजवळ उभे होते. तोवर किल्ला जाऊन पुन्हा दरबार सुरू झाला होता. बायडाबाई म्हणाली, "मागं घ्या."

"अहो, सगळ्यांचा खोळंबा..." रावसाहेब म्हणाले.

"माझा दीड वरीस झालाय."

रावसाहेबांनी कळ फिरवली. रीळ उलटं धावू लागलं. दरबारी मंडळी पाठमोरी चालत बाहेर गेली, मावळे तटावरून उलटे खाली उतरले, शेवटी गेणूही उतरला. मग सुलटं सुरू झालं. गेणू चढला. सगळ्यांच्या आधी वर गेला आणि डाव्या हातात तलवार धरून उभा राहिला. ऊन त्याच्या तोंडावर होतं, आणि तो हसत होता. हे हसणं मी दोन वर्षांपूर्वी मैदानात उभा राहून पाहिलं नव्हतं. मी वहीत डोकं घालून पुढचं वाक्य शोधत होतो.

"ह्यो," बायडाबाई म्हणाली. "ह्यो माझा गेणू." तिने डोळे पुसले नाहीत. पुसायला वेळ घालवला असता तर तेवढा गेणू कमी दिसला असता.

मग चादरीकडे तोंड करून ती ओरडली, "या रं समदी हिकडनं! तितनं खोटं दिसतंय!"

आणि वाडी आली. एकेक माणूस चादरीखालून वाकून आला, गालिच्यावर बसला. अंबाजी अडवायला पुढे झाला आणि मग का कोण जाणे, स्वतःच चादर वर धरून उभा राहिला. रीळ तिसऱ्यांदा फिरवावं लागलं.

खेळ संपला, घोंगड्या निघाल्या, हॉलमध्ये लख्ख ऊन आलं. बायडाबाई जागची हलली नव्हती. मी शेजारी बसलो.

"भाऊ, तंबूतल्या चित्रात बी असंच व्हतं का? मागनं उलटं?"

खोटं बोलावं असं मनात आलं. बोललो नाही. "हो."

"म्हंजी त्ये राजं, सरदार... समदं उजवंच?"

"हो, बायडाबाई."

तिने चादरीकडे बघितलं. आता त्या चादरीवर काहीच नव्हतं, नुसत्या घड्या दिसत होत्या. मला गेणूची दया आली. ज्यांच्या भरवशावर तो जन्मभर ताठ उभा राहिला, ते सगळे पंगतीतल्या लोकांसारखेच निघाले. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. "त्याला कळलं नाही ते एका परीने..."

"काय बरं झालं त्यात?" तिने मला तोडलं. "कळलं असतं तरी त्यानं हात बदलला नसता. बापानं हात बांदला तवा सिनेमा व्हता का? तवा कुटं बघितला व्हता त्यानं राजा? येकलाच व्हता त्यो. पयल्यापास्नं येकलाच. मला वाटायचं, राजावानी हाय. तसं न्हाई. राजं त्येच्यावानी न्हवतं."

प्रॉम्प्टरला दुसऱ्याचीच वाक्यं येतात.

बाईसाहेब लाडवांचं ताट घेऊन आल्या. पाहुण्यांना आधी, मग वाडीला. वाडीची माणसं रीतीप्रमाणे उजवे हात पुढे करत होती. बायडाबाई उजवी होती. तिला मी किल्ल्याच्या कामाच्या दिवसांत उजव्या हाताने भाकरी थापताना, लाकडं फोडताना पाहिलं होतं. ताट तिच्यासमोर आलं, तेव्हा तिने उजवा हात मांडीखाली घातला आणि डावा पुढे केला.

बाईसाहेब थांबल्या. "दुसरा हात, बाई."

बायडाबाईने हात तसाच ठेवला. अंबाजी पुढे झाला नाही. ताट धरून बाईसाहेबांचा हात अवघडला, मागची माणसं खोळंबली, तरी तो हात हलला नाही. शेवटी बाईसाहेबांनी लाडू त्या डाव्या तळव्यावर ठेवला.

बायडाबाईने तो तिथेच, सगळ्यांसमोर, डाव्या हातानेच खाल्ला. सवय नव्हती, अर्धा चुरा गालिच्यावर सांडला.