चुन्याने आखलेली दोन घरं

कणकवलीत घर बांधायचं होतं. दोन नकाशांवरून मी आणि बायको आठवडाभर धुमसत होतो. मला मोठी ओसरी हवी होती, तिला मोठं स्वयंपाकघर.

शेजाऱ्यांनी आणलेल्या गवंड्याने दोन्ही घरं चुन्याने जमिनीवर आखली. मग माझ्या आंधळ्या आईला धरून माझ्या नकाशातल्या तिच्या खोलीत उभं केलं.

"आये, न्हाणी समोरच आसा. जा."

आई हात पुढे करून चालू लागली. खोली आणि न्हाणीच्या मधोमध जागेतली जुनी, बिनकठड्याची विहीर होती! मी ओरडलो, बायको धावली. पण गवंडी आधीच विहिरीच्या काठावर हात पसरून उभा होता.

"मास्तरानू, तुमी कागद बघलात, हिका बघूक नाय."

बायकोच्या नकाशातही आईची वाट विहिरीवरूनच जात होती. आम्ही दोन्ही कागद त्याच्या हातात दिले.

"आता आयेक इचारूनच आखा," बायको म्हणाली.