सरळ पायांची म्याडम

पुण्याच्या स्टँडवर पहाटे बीडकडची गाडी लागली, तेव्हा मॅडम माझ्या खांद्यावर आडव्या होत्या. मॅडम म्हणजे एका परदेशी भयपटातल्या, पोटमाळ्यावर राहणाऱ्या मेलेल्या बाईची मी हाताने केलेली हुबेहूब नक्कल. सिलिकॉनचा चेहरा, फायबरचे हातपाय, सुईने एकेक करून टोचलेले केस. भयपटांतल्या वस्तूंच्या अशा नकला करून विकणे हा माझा धंदा आहे. माझ्या सासरच्यांच्या मते हा धंदाच नाही.

या खेपेला त्याचा निकाल लागणार होता. धर्मापुरीच्या अंकुशअण्णांनी यात्रेतल्या आपल्या भुताच्या तंबूसाठी मॅडमना मागवले होते, पण फोनवर एक अट घातली होती. "आमच्याकडचं माणूस भ्यालं पायजे. न्हाई भ्यालं, तर म्याडम आल्या पावली परत." आणि मॅडम परत आल्या तर सोमवारपासून मी मेव्हण्याच्या फरशीच्या दुकानात बसायचे, असे बायकोशी ठरले होते. फरशीशी माझे काही भांडण नाही. पण तिला पाहून आजवर कुणी किंचाळलेले नाही.

कंडक्टरने मॅडमना पायांपासून वरपर्यंत न्याहाळले आणि गंभीरपणे विचारले, "लगेज लावू, का बाईमाणसाचं अर्धं तिकीट?"

"लगेज."

"मंग शिटावर कावून बसवली?"

मी अर्धे तिकीट काढले आणि मॅडमना खिडकीची जागा मिळाली. गाडीत कुणी घाबरले नाही. मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी तर "म्याडमला ऊन लागतंय" म्हणून काच ओढून घेतली.

केजला उतरलो. बाजाराचा दिवस असल्याने जीपवाले गिऱ्हाइकांसाठी घसा फोडत होते. गरम भजी खाऊन अंबाजोगाईच्या जीपमध्ये शिरलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, मधूनच उसाचे फड आणि लांबवर बालाघाटचे बुटके डोंगर. एका खड्ड्यात जीप अशी आदळली, की मॅडमचा उजवा हात निखळून समोरच्या मावशींच्या मांडीवर जाऊन पडला. माझा जीव सुपाएवढा झाला. आता तरी किंचाळतील! मावशींनी वाकून मॅडमच्या पायांकडे पाहिले, मग हात उचलून मला दिला.

"धरा भाऊ. लई गार हाय. अशक्तपणा हाय लेकीला. खारका द्या."

अंबाजोगाईला गाडी बदलून धर्मापुरीला पोचलो, तेव्हा दुपार झाली होती. अंकुशअण्णा आडव्या बांध्याचे, शेती करणारे आणि हौसेने तंबू लावणारे गृहस्थ. त्यांनी आधी जेवायला बसवले. ज्वारीची भाकरी आणि येसर (धान्ये आणि मसाला भाजून केलेले पीठ) घालून केलेली आमटी. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. भीती म्हणजे काय ते या गावाला मी शिकवायला आलो होतो, हे तेव्हा जरा धाडसाचेच वाटले.

जेवण झाल्यावर जुने देऊळ पाहून आलो. भिंतीवरच्या दगडी बायका इतक्या सफाईने घडवल्या आहेत, की माझ्यातला कारागीर वरमला. मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि मॅडमना सांभाळून घ्या म्हटले.

यात्रेला दोन दिवस होते. काळ्या कापडाच्या तंबूत भर दुपारी अंधार होता. मॅडमना उभे केले, वर लाल दिवा लावला आणि अण्णांनी परीक्षकाला बोलावले. ही त्यांची चुलती, पारूकाकू. जन्मभर एकटीने रानात शेळ्या राखलेली बाई. "हिला आजवर कुणी भेववलं न्हाई," अण्णा म्हणाले. "ही भ्याली की तुमी पास."

पारूकाकू आत गेल्या. आतून आवाज आला, "कुणाची गं तू? लई वाळलीस!" आत डोकावून पाहतो तो काकूंनी मॅडमचा झगा नीट केलेला.

"भ्या न्हाई वाटलं?" अण्णांनी विचारले.

"कावून वाटंल? पाय तर सरळ हायत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंडक्टर, मावशी, काकू, सगळ्यांनी आधी पाय पाहिले होते. भुताचे पाय उलटे असतात. हे मला लहानपणी ठाऊक होते. परदेशी सिनेमे पाहता पाहता विसरलो.

"पण मूळ सिनेमात पाय सरळच आहेत!" मी कळवळून म्हणालो.

"मंग ती बाई जिती आसंल," काकू म्हणाल्या. "मेली म्हणून त्यान्ला कुणी सांगितलं?"

अण्णा जीपवाल्याला फोन लावू लागले. माझ्या डोळ्यांपुढे फरश्यांची चळत उभी राहिली. मॅडमच्या नखावरचा चरासुद्धा मी सिनेमा थांबवून थांबवून उतरवला होता. हुबेहूबपणावर माझे पोट होते, आणि आता त्यालाच नख लावायचे! मला खरेच वाईट वाटले. पण प्रवासात सुटे करता यावेत म्हणून पाय घोट्यात बोल्टने जोडलेले होते आणि पाना खिशातच होता. आत जाऊन मी दोन्ही पावले फिरवली. टाचा पुढे आल्या. उठून उभा राहिलो आणि माझ्याच अंगावर सर्रकन काटा आला.

"या काकू, पुन्हा एकदा."

"येती की. मीच तर सांगितलं," म्हणत काकू आत गेल्या. मग अशी किंकाळी फुटली, की बाहेरच्या शेळ्या दाव्यासकट तंबूत घुसल्या, दोन खुंट्या उपटल्या गेल्या आणि काकू थेट देवळापाशी जाऊन थांबल्या. अण्णांनी तंबूचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला होता.

"मी न्हाई भ्यालो," ते डोळे मिटून म्हणाले. "खांब धरलाय फकस्त."

मॅडम पास झाल्या. दम खाऊन परतलेल्या काकूंनी लांबूनच मला बजावले, "आता सरळ करू नका तिला. मेलीये ती."

परतीच्या गाडीत कंडक्टर तोच निघाला. रिकाम्या खिडकीकडे पाहून म्हणाला, "म्याडम?"

"राहिल्या."

"नांदूद्या," तो म्हणाला आणि त्याने माझे एकच तिकीट फाडले.

वाटभर मी विचार करत होतो. इतकी वर्षे मी चेहऱ्यांवर जीव ओतला आणि कुणाला भीती कशाची वाटते, हे कधी विचारलेच नाही. घरी पोचल्यावर बायकोला काही न सांगता आधी घरामागचा कारखाना गाठला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सहाही भुतांची पावले फिरवली. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "मग? दादाला काय कळवू?" म्हणत तिने सवयीने भुतांकडे पाहिले. मग तिची नजर खाली गेली.

कपबशी फुटली. बायको फाटकाबाहेर होती.

लग्नाला नऊ वर्षे झाली, माझ्या कामाला तिने दिलेली ही पहिली दाद. फाटकाबाहेरूनच तिने भावाला फोन लावलेला मला ऐकू आला. "दादा, दुसरा माणूस बघ," ती धापा टाकत सांगत होती. "हे नाही येणार."